'बिचारा बाप' आणि आमच्या घरातलं 'हम पांच'

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर माझ्या धाकट्या भावानं 'हम पांच' या जुन्या मालिकेचा एक तुकडा टाकला. अशोक सराफ हैराण होऊन बसलेत, भोवती पोरींचा गलका चाललाय आणि भिंतीवरच्या फोटोतून वारलेली बायको नवऱ्याला सुनावतेय. खाली भावानं लिहिलं होतं, "काय दिवस होते ते! आपल्याच घराची गोष्ट." बघता बघता हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एका चुलतभावानं लिहिलं, "बिचारे काका!" एका वहिनींनी लिहिलं, "असं निर्मळ हसणं आता राहिलं नाही."

मी तिथे काहीच लिहिलं नाही. कारण ते खरोखरच आमच्या घराची गोष्ट होती, आणि ती निर्मळ नव्हती. ती सगळी सांगायची तर गटावरच्या दोन ओळी पुरणार नाहीत. म्हणून मैत्रिणींनो, इथे लिहिते आहे. आईला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही. पन कोनाचं नाव लिहू नको."

माझं माहेर बीबी. बुलडाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातलं, मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. आम्ही पाच बहिणी. मी दुसरी. १९९५ साली झी टीव्हीवर 'हम पांच' सुरू झाली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. वर्षभरात गावातल्या एका दुकानदारानं गच्चीवर छत्री बसवली, छपरांवरून तारा ओढल्या आणि ज्यांना परवडत होतं त्यांच्या घरी केबल आली. आमच्याकडे नव्हती, चुलत्यांकडे होती. मालिका गावात पोचली आणि आठ-पंधरा दिवसांत आमच्या घराला नाव पडलं, 'हम पांच'. "कुठे राहते?" "ते नाही का, हम पांचच्या शेजारी." मला चष्मा होता म्हणून मी राधिका. मोठी बहीण उलट बोलायची म्हणून ती मीनाक्षी. तिसरी कुणाला मारून आली की काजल भाई. वडील रस्त्यानं निघाले की पारावरून कुणीतरी हाक द्यायचं, "काय माथूर साहेब?" आणि सगळे हसायचे. वडीलही हसायचे. घरी आल्यावर मात्र ते हसत नसत.

ज्यांनी ती मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. आनंद माथूर नावाचा एक मध्यमवर्गीय गृहस्थ, त्याच्या पाच मुली, घरात दुसरी बायको, आणि पहिली बायको फोटोत. नवरा काही चुकला की फोटोतली बायको बोलायची आणि त्याची हजेरी घ्यायची. ती भूमिका प्रिया तेंडुलकरांची. १९८५ साली दूरदर्शनवर 'रजनी' होऊन गॅसवाल्यांपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत सगळ्यांना जाब विचारणारी ही बाई, दहा वर्षांनी एका चौकटीत बसून नवऱ्याला जाब विचारत होती. दुसरी बायको शोमा आनंद. आणि मुली पाच तऱ्हांच्या. थोरली मीनाक्षी स्त्रियांच्या हक्कांबद्दल बोलणारी, राधिका अभ्यासू आणि कानानं कमी ऐकणारी (पुढे विद्या बालन आल्या त्या याच भूमिकेत), स्वीटीला सौंदर्यस्पर्धा जिंकायची, काजल मुलांसारखे कपडे घालून दादागिरी करणारी, आणि धाकटी छोटी गल्लीभर बातम्या वाटणारी.

मला ती मालिका आवडायची, हे आधीच कबूल करते. आजही आवडते. घरात मुलगा नाही म्हणून त्या मुली रडत बसलेल्या नव्हत्या. त्या भांडायच्या, हट्ट करायच्या, बापाला उलट उत्तर द्यायच्या आणि तरीही बापाच्या लाडक्या असायच्या. काजल भाईला कुणी "पोरीच्या जातीनं असं चालू नये" म्हणून कोंडून ठेवत नव्हतं. आमच्यासारख्या पोरींना हे नवीन होतं. पाच वर्षांनी, २००० साली, याच निर्मात्या एकता कपूरच्या घरातून 'क्योंकि सास भी कभी बहू थी' आली आणि मग वर्षानुवर्षं पडद्यावरच्या बाया दागिने घालून स्वयंपाकघरात कट करत बसल्या. त्यांच्या शेजारी 'हम पांच'च्या पोरी ठेवल्या तर त्या मला आजही मोकळ्या वाटतात. त्यामुळे ही मालिका बघू नका असं सांगायला मी आलेली नाही. अशोक सराफांसारख्या नटाशी तर माझं काहीच भांडण नाही. माझं भांडण 'काय दिवस होते ते' या वाक्याशी आहे.

कुणाचे दिवस? चुलत्यांच्या ओसरीवर टीव्ही होता. पुढे सतरंजीवर पुरुष आणि मुलगे. मागे भिंतीला टेकून आम्ही पोरी. दाराबाहेर, उंबऱ्याच्या पलीकडे, बौद्धवाड्यातल्या आणि मजुरांच्या घरच्या पोरी उभ्या. त्यांना कुणी 'आत या' म्हटल्याचं मला आठवत नाही. आणि माझी आई, काकू, आजी? त्या चुलीपाशी. भाकरी थापता थापता कान देऊन ऐकायच्या. म्हणजे ज्या मालिकेत बायकाच बायका होत्या ती आमच्या घरातल्या बायकांनी निम्मीशिम्मी ऐकली, पाहिली फार थोडी. "सगळे एकत्र बसून बघायचो" असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा त्या 'सगळे'मध्ये कोण होतं हे विचारायला नको का?

आता विनोद कशावर होता ते बघू. त्याचं मूळ एकच, पाच मुलींचा बाप. हे ऐकलं की पुढचं न सांगता हसू येतं. पाच मुलग्यांचा बाप म्हटलं तर येतं का? तो विनोद नाही, तो मान आहे. आमच्याच गावात पाच मुलग्यांचे बाप होते, त्यांना कुणी मालिकेचं नाव ठेवलं नाही. उलट लग्नात त्यांना आधी बसायला पाट मिळायचा. म्हणजे लेखक-दिग्दर्शकांनी काही वाईट मनात धरलं होतं असं नाही. मुलगी म्हणजे खर्च, काळजी, डोक्याला ताप, हे प्रेक्षकाच्या मनात आधीच भरलेलं होतं. मालिकेनं नुसती कळ दाबली आणि हसू बाहेर आलं.

आणि कीव कुणाची? 'बिचाऱ्या बापा'ची. पाच वेळा पोट वाढलं आईचं, पाच बाळंतपणं आईची, प्रत्येक वेळी "पुन्हा पोरगीच" हे ऐकलं आईनं, पाचव्या वेळी तर बाळंतिणीला खायला डिंकाचे लाडू करायचेही आजीला सुचलं नाही. तरी 'बिचारी आई' असं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. 'बिचारे काका' मात्र तेव्हाही होतं आणि गेल्या दिवाळीतही होतं.

थोरली मीनाक्षी स्त्री-हक्कांचं बोलायची तेव्हा तिचं तोंड उघडणं हाच विनोद असायचा. राधिकाला नीट ऐकू येत नाही हा विनोद. शेजारची पूजा वय वाढल्याच्या भीतीनं 'आंटी' म्हटलं की चिडते हाही विनोद. आपल्या चळवळीतल्या कितीजणींना त्या काळात "आली मीनाक्षी!" असं म्हणून गप्प केलं गेलं, ते आपलं आपल्याला माहीत आहे. माझ्या मोठ्या बहिणीनं दहावीनंतर पुढे शिकायचं म्हटलं तेव्हा काकांनी हेच म्हटलं. सगळे हसले आणि विषय संपला. कुणी नाही म्हटलं असतं तर तिला वाद तरी घालता आला असता. हसण्याशी वाद कसा घालणार?

आता त्याच दिवसांतली दुसरी गोष्ट. १९९६ साली आई पुन्हा गरोदर राहिली. मी बारा वर्षांची, मला कळत होतं. एका पहाटे जीप आली, आई, आजी आणि वडील एका मोठ्या शहरी गेले. दोन दिवसांनी परत आले. आई भिंतीकडे तोंड करून निजली. आम्हाला सांगितलं, "पोटात दुखत होतं, औषध देलं." संध्याकाळी चुलत्यांच्या ओसरीवर मालिका लागली, हसण्याचे आवाज आमच्या घरात येत होते. आजी म्हणाली, "जा पोरीहो, टीव्ही पाहा जा." आम्ही गेलो आणि हसलो. पुढच्या वर्षी पुन्हा जीप आली. पुन्हा तीच भिंत. १९९९ साली भाऊ झाला तेव्हा गावभर पेढे वाटले. त्यानंतर ऑपरेशन झालं, तेही अर्थात आईचंच.

त्या दोन जीपांचा अर्थ मला कळला तो माझ्या स्वतःच्या बाळंतपणात, आईनं सांगितला तेव्हा. आज मला आणखी एक कळतं. हे सगळं घडलं तेव्हा कायदा होता. गर्भजलपरीक्षेचा गैरवापर रोखणारा कायदा देशात सर्वांत आधी आपल्या महाराष्ट्रानं केला, १९८८ साली, तोही मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी आणि कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला म्हणून. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. म्हणजे आईला नेलं त्या वर्षी कायदा कागदावर ताजा होता. तो पाळला जात नाही म्हणून २००० साली 'सेहत' आणि 'मासूम' या संस्थांना आणि डॉ. साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. त्यानंतर २००३ साली सुधारित कायदा आला. आपल्या मैत्रिणी कोर्टाची पायरी चढत होत्या, त्याच दिवसांत गावोगाव ओसरीवर पाच पोरींच्या बापाला हसणं चाललं होतं.

मालिकेमुळे गर्भपात झाले असं मी म्हणत नाही. असं म्हणणं खोटं होईल. एखाद्या मालिकेनं कुणी सोनोग्राफीच्या खोलीत जात नाही. तिथे नेतो तो हुंडा, जमिनीचा वारस, म्हातारपणाचा आधार, अग्नी कोण देणार ही चिंता, आणि पैसे घेऊन सांगणारा डॉक्टर. पण एखादी गोष्ट करायला जड जाऊ नये म्हणून आधी ती हलकी करावी लागते. पाचवी पोरगी हा विनोद झाला की सहावी होऊ न देणं शहाणपण होतं. आजी माझ्या आईला जे म्हणाली ते आईला अजून आठवतं, "आता काई सहावी आनून लोकायले आजून हसवतं का वं?" लोकांच्या हसण्याची भीती हे त्या घरातलं खरोखरचं एक कारण होतं. ते मी पाहिलेलं आहे.

आणि हिशेब काय झाला? २००१च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या. २०११ला त्या ८५५ झाल्या. त्याच काळात सबंध महाराष्ट्राचा आकडा ९१३वरून ८९४वर आला. म्हणजे राज्य घसरलं, आमचा जिल्हा कोसळला. २०११ला मोजलेली ती मुलं कुणाची? १९९५च्या सुमाराला ओसरीवर बसून हसणाऱ्या मुलामुलींपैकी बरेचजण तोवर आईबाप झालेले होते. 'काय दिवस होते ते' म्हणणारी पिढी ती हीच. २०२१ची जनगणना तर वेळेवर झालीच नाही, त्यामुळे पुढे काय झालं ते सांगणारा घरोघर मोजलेला आकडाही त्या वर्षी हाती आला नाही.

आमच्या जिल्ह्याला आम्ही अभिमानानं मातृतीर्थ म्हणतो. बीबीवरून जाणारा तोच रस्ता सिंदखेड राजाला जातो. १५९८ साली तिथे लखुजी जाधवांच्या घरी एक मुलगी जन्मली, आणि दर १२ जानेवारीला तिच्या जन्मासाठी लाखो माणसं त्या गावी जमतात. याच बुलडाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' छापून बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा का, हे भर समाजाला विचारलं. जिजाऊंच्या जन्माला फुलं वाहायची आणि शेजारच्या घरी पाचवी जन्मली की मालिकेचं नाव ठेवायचं, हे दोन्ही आम्ही एकाच तोंडानं करत आलो.

नाव ठेवणं ही साधी गोष्ट नाही. साताऱ्याकडे मुलींची नावंच 'नकुशी' ठेवली जायची. २०११ साली तिथे अशा दोनशेहून जास्त मुलींना जाहीर समारंभात नवी नावं दिली. तिथे निदान नाव बदलायला कागद होता. आमच्या घराचं 'हम पांच' हे नाव कुठल्या कागदावर नव्हतं, त्यामुळे ते बदलणार कोण? तीस वर्षांनी ते व्हॉट्सॲपवर जसंच्या तसं परत आलं.

मला माहीत आहे, कुणीतरी म्हणेल, "तुम्हा बायांना विनोदच कळत नाही." हे खोटं आहे. जात्यावरच्या ओव्यांत, लग्नातल्या उखाण्यांत, भुलाबाईच्या खेळात आपल्या आया-आज्यांनी नवऱ्याची, सासूची, दिराची जी टर उडवली आहे ती ऐका आणि मग सांगा. पण त्या विनोदात आणि या विनोदात फरक आहे. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला बाई हसते तेव्हा तिचं ओझं थोडं उतरतं. जिचा जन्मच जड झालेला आहे तिला घर हसतं तेव्हा ओझं वाढतं. दोन्हींना हसणं म्हणतात, एवढंच त्यांच्यात सारखं.

कुणी असंही म्हणेल, जुन्या गोष्टी कशाला उकरता, आठवणींत तरी सुखानं राहू द्या. पण आठवण काढायला सुरुवात मी केली नाही. ती भावानं काढली, आणि त्यानं ते दिवस पाहिलेलेही नाहीत. मालिका सुरू झाली तेव्हा तो जन्मलाच नव्हता. २०२०च्या टाळेबंदीत वाहिन्यांनी जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या त्यात त्यानं ही पाहिली आणि त्याला आपलं घर आठवलं. अर्धी आठवण त्याच्या हाती आली, त्यात त्याचा दोष नाही. उरलेली अर्धी आम्ही त्याला दिलीच नव्हती.

म्हणून दिवाळीनंतर मी त्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, म्हणजे त्या दोघी असत्या तर मी नसतो." हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं आहे, तो नसता हा विचार मलाही सोसत नाही. मी एवढंच म्हणाले, "तू आहेस यात तुझा काही गुन्हा नाही रे. पण तुझ्यासाठी काय काय झालं ते तुला माहीत असू दे. आणि बाबांना बिचारं म्हणशील तेव्हा आईचं नाव आधी घे." त्याची बायको आता गरोदर आहे. मी त्याला आणखी काही म्हणाले नाही, त्यालाही ते न बोलता कळलं असावं.

गेल्या महिन्यात बीबीला गेले तेव्हा तो तुकडा आईला मोबाईलवर दाखवला. तिनं तो पहिल्यांदाच चुलीपासून उठून, खाटेवर बसून, सगळा पाहिला. फोटोतली बायको बोलायला लागली तशी ती हसली. मी विचारलं, "तुला ही आवडायची का गं?" म्हणाली, "हो ना. तिच्या बोलन्यात मंधात कोनी बोलत नव्हतं. मेल्यावर का होईना, बाईचं आयकू तं येत होतं."

मैत्रिणींनो, मालिका पुन्हा बघा, मुलींना दाखवा, पोटभर हसा. फक्त बघून झाल्यावर आपल्या घरातल्या जुन्या बाईजवळ बसा आणि विचारा की तेव्हा ती कुठे बसली होती, किती पोरी झाल्या तेव्हा लोक हसले, आणि कुठल्या पहाटे जीप आली होती. ती जे सांगेल ते त्याच गटावर लिहा, जिथे हसरे चेहरे टाकले होते. आणि पुढच्या वेळी कुणाला तिसरी, चौथी, पाचवी मुलगी झाली की कुणी "बिचारा बाप" म्हणेल, तेव्हा हसू नका. तुमचं न हसणं त्या बाळंतिणीला आतल्या खोलीत बरोबर ऐकू जाईल.